डॉक्टर व्हायचे आहे. मग अकरावी कोठे?

(संस्थेच्या पालक-मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



दहावीचा निकाल लागला की आमच्या शाळेच्या व्हरांड्यात पालकांची गर्दी होते. हातात पेढ्यांचा पुडा असतो, चेहऱ्यावर आनंद असतो आणि ओठांवर एकच प्रश्न असतो. "सर, पोरीला डॉक्टर करायचं म्हणतो. आता अकरावीला कुठं घालू?" पेढा तोंडात टाकून उत्तर देणे सोपे असते, परंतु त्या उत्तरावर एका कुटुंबाची पुढली दहा वर्षे अवलंबून असतात.

मी बी.ए., बी.एड. झालेला माणूस. मराठी आणि इतिहास शिकवतो. भौतिकशास्त्राचे गणित मला कोणी घातले तर मी खाली मान घालीन. मग या विषयावर मी का बोलावे? एवढ्याचसाठी की गोरेगावसारख्या गावात हा प्रश्न घेऊन माणूस आधी डॉक्टरकडे जात नाही, शाळामास्तराकडे येतो. आणि मास्तराने न वाचता दिलेला सल्ला किती महागात पडतो, हे मी स्वतः पाहिले आहे.

म्हणून आधी एक कबुली देतो. काही वर्षांपूर्वी माझा एक विद्यार्थी दहावीला फार चांगल्या गुणांनी पास झाला. वडील आठवडी बाजारात शिलाई मशीन घेऊन बसणारे. कोणीतरी त्यांना शेजारच्या राज्यातील एका कॉलेजची माहिती दिली. वसतिगृह आहे, जेवण चांगले आहे, नमाजची सोय आहे, मुलांवर लक्ष आहे. ते मला विचारायला आले. मी रंगीत माहितीपत्रक चाळले आणि म्हणालो, "जाऊ द्या, बिनधास्त जाऊ द्या." पोरगा गेला, खूप राबला. कॉलेजनेही त्याला मनापासून शिकविले. दोन वर्षांनी 'नीट'च्या परीक्षेत त्याला इतके गुण मिळाले की त्याच्याहून कमी गुणांच्या, त्याच्याच प्रवर्गातील मुलांना महाराष्ट्रात सरकारी मेडिकल कॉलेजची जागा मिळाली. त्याला मात्र मिळाली नाही. त्याचा अर्ज राज्याच्या यादीत बसलाच नाही. कारण त्याची बारावी महाराष्ट्राबाहेरची होती.

त्याचे अब्बा शाळेत आले. ते रागावले नाहीत. "सर, आम्ही अडाणी. तुम्हाला तरी माहीत असायला पाहिजे होतं," एवढेच बोलले आणि गेले. तो मुलगा आज औषधनिर्माणशास्त्र शिकतो, चांगला शिकतो. रस्त्यात भेटला की आदबीने सलाम करतो. तो सलाम मला अजून टोचतो. त्या दिवसापासून मी दर वर्षी प्रवेशाची माहितीपुस्तिका पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचतो. आज आपल्यापुढे उभा आहे तो त्या वाचनाच्या भरवशावर.

तर नियम असा आहे. सरकारी मेडिकल कॉलेजातील एम.बी.बी.एस.च्या शंभर जागांपैकी १५ जागा अखिल भारतीय कोट्यातून भरतात आणि ८५ जागा राज्याच्या कोट्यातून. राज्याच्या ८५ जागांसाठी विद्यार्थी महाराष्ट्राचा अधिवासी असावा लागतो, आणि त्याची दहावी व बारावी या दोन्ही परीक्षा महाराष्ट्रातील शाळा-कॉलेजातून झालेल्या असाव्या लागतात. बाहेर नोकरीवर असलेल्या काही सरकारी कर्मचाऱ्यांच्या मुलांना यातून सूट आहे. तुम्हा-आम्हाला ती लागू नाही. बोर्ड कोणते, हा प्रश्न येथे नाही. कॉलेज कोणत्या राज्यात आहे, हा प्रश्न आहे. महाराष्ट्रातील सी.बी.एस.ई.च्या शाळेतून बारावी झाली तरी चालते. पण राज्याची सीमा ओलांडली की ८५ जागांचे दार बंद होते आणि देशभरातल्या मुलांशी झुंजायला १५ जागांची फट उरते.

आपला मराठवाडा सीमेवरचा मुलूख आहे. आपल्या लोकांना हैदराबाद परके वाटत नाही, बीदर परके वाटत नाही. बीदरची शाहीन संस्था १९८९ साली जनाब अब्दुल कदीर साहेबांनी सुरू केली. हाफिज झालेल्या मुलांनाही विज्ञान शिकवून पुढे नेण्याचे जे काम तेथे झाले, त्याची कीर्ती आपल्या घराघरात पोचली आहे. राजस्थानातील कोटा शहराचे नावही आता सर्वांना ठाऊक आहे. या कोणाविषयी माझी तक्रार नाही. चांगले शिकविणारे कोठेही असोत, ते आपले उस्ताद. माझे म्हणणे एवढेच, की बारावीचे प्रमाणपत्र महाराष्ट्रातले असू द्या. ते एकदा हाती आले, आणि मुलाला पुन्हा एक वर्ष तयारी करावयाची असली, तर ते वर्ष त्याने बीदरला काढले काय, हैदराबादला काढले काय, राज्याच्या कोट्याला धक्का लागत नाही. क्रम चुकता कामा नये.

थोडा इतिहास सांगतो. तो माझा विषय आहे. आपले आजोबा निजामाच्या राज्यात होते. त्या काळी या भागातील मुलाला डॉक्टर व्हावयाचे असेल तर हैदराबाद गाठावे लागे. १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ निघाले आणि तेथे वैद्यकाचे शिक्षणही उर्दूतून दिले जाई. १९४८ साली मराठवाडा मुक्त झाला. १९५६ साली औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, सरकारी मेडिकल कॉलेज सुरू झाले. सत्तरच्या दशकात अंबाजोगाईला, १९८८ साली नांदेडला, २००२ साली लातूरला आणि २०२३ साली परभणीला अशी कॉलेजे निघाली. २०२४ साली आपल्या हिंगोलीला शंभर जागांचे सरकारी मेडिकल कॉलेज आले. त्याच वर्षी शेजारच्या वाशिमलाही आले. ज्या शिक्षणासाठी आजोबांना परमुलखात जावे लागे, ते आता जिल्ह्याच्या गावी आहे. एस.टी.ने सकाळी निघालेला मुलगा ते दार डोळ्यांनी पाहून दुपारी घरी परत येऊ शकतो. मी तर म्हणतो, डॉक्टर व्हायचे म्हणणाऱ्या प्रत्येक मुलाला एकदा तेथे नेऊन आणा. बाह्यरुग्ण विभागातील गर्दी पाहू द्या, नंबर लावून बसलेल्या म्हाताऱ्या पाहू द्या. तरीही तो म्हणाला की हेच करायचे, तर मग पुढचे बोलू.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. सल्लाही शिळा होतो. २०२० सालापर्यंत महाराष्ट्रात सत्तर-तीसची पद्धत होती. विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र असे तीन भाग होते, आणि ज्याने ज्या भागातून बारावी केली त्याला त्या भागातल्या सत्तर टक्के जागा राखीव असत. त्यामुळे बारावी कोणत्या भागात करावी, याचा लोक हिशेब मांडीत. सप्टेंबर २०२० मध्ये शासनाने ती पद्धत रद्द केली. आता राज्य एक, यादी एक. तरीही "वाशिमला घालू नका, तो विदर्भ आहे" असे सांगणारी जाणती माणसे मला अजून भेटतात. ती खोटे बोलत नाहीत. त्यांचे ज्ञान जुने झाले आहे. म्हणून मोठ्या माणसाला विचारा, आदराने ऐका, आणि मग त्या वर्षीची माहितीपुस्तिका उघडून ताडून पाहा. माझेही बोलणे असेच ताडून पाहा.

आता मूळ प्रश्न. महाराष्ट्रात, पण कोठे? आपल्या तालुक्यात, हिंगोलीला, की लातूर-नांदेडला?

लातूरचे नाव निघाले की आपल्याला वाटते, त्या गावच्या पाण्यातच काही आहे. पण 'लातूर पॅटर्न' हे काय होते? राजर्षी शाहू महाविद्यालय, दयानंद महाविद्यालय अशा तेथील संस्थांनी काही साध्या गोष्टी वर्षानुवर्षे नेमाने केल्या. अभ्यासक्रम वेळेआधी संपवायचा, सराव परीक्षा घ्यायच्या, पेपर तपासून मुलाच्या हाती द्यायचे, चूक समजावून सांगायची आणि तीच चूक पुन्हा होईनाशी होईपर्यंत सराव करून घ्यायचा. राजर्षी शाहू महाविद्यालयाचे प्राचार्य राहिलेले डॉ. जनार्दन वाघमारे यांच्यासारख्या शिक्षकांची शिस्त त्यामागे होती. तेव्हा पॅटर्न म्हणजे गाव नव्हे, पॅटर्न म्हणजे नेम. हा नेम जेथे असेल ते कॉलेज चांगले. मग ते लातूरचे असो, हिंगोलीचे असो वा सेनगावचे असो. आणि हा नेम जेथे नसेल तेथे लातूरच्या पत्त्याचाही उपयोग नाही.

मला भीती वाटते ती दुसऱ्याच एका प्रकाराची. नाव एका कॉलेजात, शरीर दुसऱ्या गावच्या खाजगी क्लासात. खेड्यातल्या कॉलेजात प्रवेश घ्यायचा, हजेरी आपोआप लागते, प्रात्यक्षिकाचे तीस गुण आपोआप मिळतात, आणि मूल दोन वर्षे कॉलेजचे तोंड पाहत नाही. हा प्रकार इतका बोकाळला की शासनाला २०१८ साली विज्ञान शाखेच्या हजेरीसाठी बोटांचे ठसे घेणारी यंत्रे बसविण्याचा आदेश काढावा लागला. यात नुकसान कोणाचे? ज्याच्या बापाकडे क्लासची फी आहे त्याचे कमी. खरे नुकसान त्या गरीब मुलाचे, जो रोज डबा घेऊन त्या कॉलेजात येतो आणि पाहतो की पटावर ऐंशी नावे आहेत, बाकावर चौघे आहेत, आणि चौघांसाठी कोणी शिकवीत नाही. प्रयोगशाळेला कुलूप असते. तो गरीब मुलगा बहुतेक वेळा आपला असतो. म्हणून माझी विनंती आहे, असा कागदी प्रवेश तुम्ही घेऊ नका. आणि तुमचे मूल रोज जाणार असेल तर असल्या कागदी कॉलेजात त्याला घालू नका.

मग कॉलेज ओळखावे कसे? प्रवेशाच्या दिवसांत सगळीच कॉलेजे रंगवलेली असतात. मूल नववी-दहावीत असतानाच, ऑगस्ट-सप्टेंबरात एखाद्या साध्या मंगळवारी न कळवता जा. वर्ग भरला आहे का, पाहा. मुलांच्या प्रयोगवह्या मागा. त्यांवर तारखा आणि लाल शाईच्या सह्या आहेत का? की सगळे प्रयोग जानेवारीत एकाच आठवड्यात उतरवले जातात? भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र या तिन्ही विषयांना पूर्ण वेळचे शिक्षक आहेत का, की तासिका तत्त्वावर येणारे दरसाल बदलतात? बाहेर उभ्या असलेल्या मुलांना विचारा, "मागचा चाचणी पेपर तपासून मिळाला का?" कोणत्याही माहितीपत्रकापेक्षा हे उत्तर खरे असते.

दुसरे म्हणजे, बॅनर वाचायला शिका. 'आमचे १५० विद्यार्थी नीट उत्तीर्ण!' असे मोठ्या अक्षरांत लिहिलेले असते. उत्तीर्ण म्हणजे काय? २०२५ साली सुमारे २२ लाख मुलांनी ही परीक्षा दिली आणि १२ लाखांहून अधिक पात्र ठरली. एम.बी.बी.एस.च्या जागा देशभरात, सरकारी आणि खाजगी मिळून, सुमारे सव्वा लाख. त्या वर्षी खुल्या प्रवर्गात ७२० पैकी १४४ गुणांना मूल पात्र ठरत होते. पण त्याच्या तिप्पट गुण मिळवूनही महाराष्ट्रातील सरकारी जागेची खात्री देता येत नव्हती. तेव्हा संचालकांना तीन प्रश्न नम्रपणे विचारा. किती मुले बसली होती? त्यांतली किती सरकारी एम.बी.बी.एस.ला लागली? आणि त्यांतली किती पहिल्याच प्रयत्नात, किती दुसऱ्या-तिसऱ्या प्रयत्नात? जो मोकळेपणाने सांगेल त्याच्याकडे जा. जो फक्त फोटो दाखवील त्याला सलाम करून परत या.

पहिला प्रयत्न आणि दुसरा प्रयत्न, हा फरक खर्चाच्या दृष्टीनेही मोठा आहे. पुष्कळ मुले दुसऱ्या प्रयत्नात लागतात. म्हणून हिशेब दोन वर्षांचा मांडू नका, तीन वर्षांचा मांडा. फी, खोली, खानावळ, पुस्तके, येण्याजाण्याचे भाडे, सगळे तीनदा लिहा. मग आपल्या हळदीकडे, सोयाबीनकडे, दुकानाच्या गल्ल्याकडे पाहा. पहिल्याच वर्षी रान विकून लातूर गाठले आणि तिसऱ्या वर्षी हात रिकामे झाले, असे होऊ नये. त्यापेक्षा पहिली दोन वर्षे जवळच्या, पण खरोखर शिकविणाऱ्या कॉलेजात आणि गरज पडल्यास तिसरे वर्ष बाहेर, हा मार्ग पुष्कळ घरांना झेपतो. क्लासची सगळी फी एकदम भरू नका, पावती घ्या. केंद्र सरकारच्या जानेवारी २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत सांगितले आहे की विद्यार्थ्याने मध्येच क्लास सोडला तर उरलेल्या काळाची फी दहा दिवसांत परत द्यावी, आणि दहावीच्या परीक्षेआधी किंवा सोळा वर्षांखाली मुलाला दाखल करून घेऊ नये. सूचना आहेत, त्या दाखवून बोलता येते.

आता माझ्या बहिणींविषयी आणि लेकींविषयी. आमच्या शाळेत दहावीच्या गुणवत्ता यादीत वरची नावे मुलींची असतात. अकरावीच्या यादीत त्यांतली काही नावे दिसत नाहीत. विचारले तर उत्तर मिळते, "लांब पाठवायचं कसं?" मी या काळजीला हसत नाही. मलाही काळजी समजते. परंतु लातूर लांब आहे म्हणून हिंगोलीही नको, हा न्याय कुठला? मुलीसाठी कॉलेज पाहताना वसतिगृहात बाई अधीक्षक राहतात का, रात्री आजारी पडली तर कोण नेते, शेवटची एस.टी. किती वाजता आहे, हे सगळे विचारा. जरूर विचारा, पण उत्तर समाधानकारक मिळाले तर मग पाठवा. गावातल्या दोघी-तिघी एकत्र गेल्या तर घरच्यांनाही धीर येतो. शासनाने ८ जुलै २०२४ च्या निर्णयाने आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरांतील आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील मुलींना व्यावसायिक शिक्षणाची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ केली आहे. प्रवेश मात्र शासनाच्या प्रवेश फेरीतून झालेला हवा. आपल्या घरातल्या बायका पुरुष डॉक्टरपुढे दुखणे सांगत नाहीत, अंगावर काढतात, हे आपण रोज पाहतो. मग बाई डॉक्टर कोठून येणार? दुसऱ्याच्या घरातून?

भाषेचे भय बाळगू नका. मराठी आणि उर्दू या दोन्ही भाषांत 'नीट'चा पेपर घेता येतो. उर्दूची सोय २०१८ सालापासून झाली. भाषा अर्ज भरतानाच निवडावी लागते आणि नंतर बदलता येत नाही. भाषांतरात शंका आली तर इंग्रजी प्रश्न प्रमाण मानतात. या परीक्षेसाठी एन.सी.ई.आर.टी.ची पुस्तके पाया मानली जातात. ती इंग्रजी आणि हिंदीप्रमाणे उर्दूतही निघतात आणि संकेतस्थळावर फुकट वाचता येतात. तथापि पुढे एम.बी.बी.एस.चे शिक्षण इंग्रजीतच आहे. म्हणून अकरावीपासून रोज एक पान इंग्रजीतून समजून वाचण्याची सवय लावा. उर्दू-मराठीतून आशय समजून घ्या, संज्ञा इंग्रजीत पाठ करा.

विषय निवडताना भौतिक, रसायन, जीवशास्त्र आणि इंग्रजी हे चार हवेतच. झेपत असेल तर गणितही ठेवा. त्याने अभियांत्रिकीचे दार उघडे राहते. बारावीचे गुण मेडिकलच्या यादीसाठी धरत नाहीत, यादी 'नीट'च्या गुणांवर लागते, हे खरे. पण बारावीला खुल्या प्रवर्गात भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र मिळून ५० टक्के आणि राखीव प्रवर्गांत ४० टक्के गुण नसतील तर 'नीट'चे गुण कितीही असोत, व्यर्थ आहेत. अकरावीचा प्रवेश २०२५ सालापासून सर्व महाराष्ट्रात ऑनलाइन झाला. त्या वर्षी दहा कॉलेजांचा पसंतीक्रम देता येत होता. हा क्रम नेट कॅफेवाल्याला भरू देऊ नका. घरी कागदावर लिहून, विचार करून मग भरा. अल्पसंख्याक कॉलेजांतील राखीव जागांचा पर्याय वेगळा असतो, तोही पाहा.

आता कागदपत्रे. या बाबतीत आपला समाज फार मागे आहे, आणि दोष थोडा आम्हा शाळावाल्यांचाही आहे. तांबोळी, बागवान, अत्तार, पिंजारी, मोमीन अशा आपल्यातल्या कितीतरी बिरादऱ्या महाराष्ट्राच्या इतर मागासवर्गाच्या यादीत आहेत. पण दाखल्यावर जातीच्या रकान्यात नुसते 'मुसलमान' लिहिलेले असते. इतर मागासवर्गाच्या जात पडताळणीसाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो. तो आजोबांच्या शाळेच्या रजिस्टरात, जुन्या महसुली कागदांत किंवा निजामाच्या काळातील उर्दू दफ्तरात सापडतो. त्याचे भाषांतर, त्याची नक्कल, समितीचा निकाल, या सगळ्याला महिने लागतात. 'नीट'चा निकाल लागल्यावर धावपळ करून हे होत नाही. मूल अकरावीत गेले त्याच वर्षी जातीचा दाखला, जात वैधता, अधिवास आणि नॉन-क्रीमीलेअर यांच्या मागे लागा. अखिल भारतीय कोट्यासाठी केंद्राच्या नमुन्यातला वेगळा दाखला लागतो. नागपूरची 'महाज्योती' संस्था इतर मागास आणि भटक्या-विमुक्त प्रवर्गांतील मुलांना दहावीनंतर 'नीट'चे ऑनलाइन प्रशिक्षण विनामूल्य देते, टॅब्लेटही देते. हे दाखले नसतील तर ती मदतही आपल्यापर्यंत पोचत नाही. ज्यांची बिरादरी यादीत नाही, त्यांनी आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाच्या दाखल्याची चौकशी करावी.

विद्यार्थी मित्रांनो, आता दोन शब्द तुमच्याशी. डॉक्टर व्हायचे हा निर्णय तुमचा आहे का, हे एकदा एकांतात स्वतःला विचारा. अब्बांची हौस, मामूंची ईर्ष्या, शेजाऱ्याच्या मुलाची बरोबरी, यांवर तीन वर्षे अभ्यास निघत नाही. आणि मन लावून प्रयत्न करूनही एम.बी.बी.एस. मिळाले नाही, तर आभाळ कोसळत नाही. 'नीट'च्याच गुणांवर आयुर्वेद आहे, होमिओपॅथी आहे, युनानी आहे. मालेगावचे मोहम्मदिया तिब्बिया कॉलेज आपल्या लोकांना ठाऊकच आहे. परभणीला पशुवैद्यक महाविद्यालय आहे; गाई-म्हशींच्या या मुलखात तो डॉक्टर काही कमी प्रतिष्ठेचा नाही. औषधनिर्माणशास्त्र आहे, परिचर्या आहे. बाहेरगावी राहताना मन फार खचले, झोप उडाली, काहीबाही विचार येऊ लागले तर लपवू नका. घरी सांगा, शिक्षकांना सांगा. टेलि-मानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र विनामूल्य आहे. आणि पालकांनो, रात्री फोन केला की पहिला प्रश्न "चाचणीत किती पडले?" हा विचारू नका. "जेवलास का बेटा?" असे विचारा.

एक सावधगिरीही सांगून ठेवतो. प्रवेशाच्या दिवसांत "सीट पक्की करून देतो" म्हणणारे दलाल फिरतात. २०२४ साली या परीक्षेचा पेपर फुटला आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, हे सर्वांनी वाचले आहे. अशा वाटेने गेलेला पैसाही जातो, मूलही जाते आणि घराची अब्रूही जाते. हलालाच्या कमाईने हरामाची सीट घ्यायची नाही, एवढे तरी आपण ठरवू या.

शेवटी संस्थेच्या पदाधिकाऱ्यांना एक अर्ज. आपण मोठी इमारत बांधू तेव्हा बांधू. आज एका खोलीत रात्री दहापर्यंत दिवा चालू ठेवता आला, एन.सी.ई.आर.टी.च्या पुस्तकांचे चार संच आणि जुने प्रश्नपत्रिका-संच तेथे ठेवता आले, तर गावातल्या ज्या मुलांच्या घरी एकच खोली आहे त्यांना बसायला जागा होईल. पॅटर्न म्हणजे नेम, असे मी मघाशी म्हणालो. तो नेम येथेही सुरू करता येतो.

माझ्यापुरते मी असे ठरविले आहे की दर वर्षी नवी माहितीपुस्तिका निघाली की तिची छापील प्रत शाळेच्या ग्रंथालयात ठेवीन, आणि रविवारी सकाळी ज्याला वाचता येत नाही त्याला वाचून दाखवीन. कोणत्याही जातिधर्माच्या पालकाने यावे. पेढे निकालाच्या दिवशी आणा. पण कॉलेजचा प्रश्न घेऊन त्याच्या वर्षभर आधी या. माझ्या त्या विद्यार्थ्याचे अब्बा ज्या शब्दांत बोलून गेले, ते शब्द पुन्हा कोणा बापाला बोलावे लागू नयेत, एवढीच माझी दुआ आहे.

अल्लाह आपल्या मुलांना ज्ञान देवो, आणि ज्ञानाबरोबर दुसऱ्याचे दुखणे ओळखणारे मन देवो. आमीन.

खुदा हाफिज. जय हिंद, जय महाराष्ट्र.